खोक्याच्या कवितेतल्या दोन ओळी

मधुदा, तुम्ही विसरला होतात!

साधं, सरळ, चारचौघांसारखं विसरला होतात. आणि मी वेडी, आठ वर्षं त्याला कला समजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत बसले. वहिनींनी, तुमच्या इथल्या भाषेत बौदींनी, परवा सांगितलं तेव्हा मी आधी हसले, मग रडले, मग परत हसले. त्यांना वाटलं, हिला झालंय तरी काय. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसून कोणी असं खो खो हसतं का? पण खरं सांगते, तुम्ही त्या वेळी खोलीत असतात तर मी तुम्हाला असं धारेवर धरलं असतं की ज्याचं नाव ते. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले, आणि माझं भांडण आत्ता कुठे रंगात आलंय.

आपली ओळख झाली तेव्हा मी कोलकात्यात नवीन होते. नवऱ्याची बँकेतली बदली, तीन वर्षांसाठी म्हणून आलो ते पुढे इथेच राहिलो, पण तेव्हा निम्मी खोकी अजून उघडली नव्हती. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ‘स्थानिक कवींचं काव्यवाचन’ ठेवलं होतं आणि स्थानिक कवी म्हणजे मी एकटीच. शाळेत गणित शिकवणारी बाई, हातात दोन कागद, समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातली बरीचशी प्रसादाची वाट बघणारी. मी मान खाली घालून तीन कविता वाचल्या. टाळ्या झाल्या. सुटले एकदाची म्हणून खाली उतरले तर तुम्ही उभे. पांढरा झब्बा, जाड काचांचा चष्मा, ओळख ना पाळख. म्हणालात, “दुसरी कविता परत म्हण. मला पाठ करायची आहे.”

तोवर मी पंधरा वर्षं कविता लिहीत होते. ‘छान आहे हो’ म्हणणारे भेटले होते, ‘काही कळलं नाही बुवा’ म्हणणारे तर पुष्कळच. पण पाठ करायची आहे म्हणणारा माणूस मला सांगलीत भेटला नव्हता, पुण्यात भेटला नव्हता. तो इथे भेटला, आणि तोही असा की ज्याला धड मराठी वाचता येत नव्हतं! वडील फोर्ट विल्यममध्ये नोकरीला, म्हणून जन्म इथला, शाळा बंगाली, नोकरी गार्डन रीचला रेल्वेत, बायको बंगाली. देवनागरी वाचायचात, पण अक्षर अक्षर लावत, पहिलीतल्या मुलासारखी. मराठी सगळी आईच्या तोंडून आलेली, आणि तिच्यावरही बंगालीचा रंग. पहिल्यांदा तुमच्या घरी आले तर बंगालीत चहा ‘खातात’ तसं विचारलंत, “चहा खाणार?” मी म्हटलं, आज खाते, पुढच्या वेळी पिईन. तुम्हाला विनोद कळला नाही. तुम्ही तो तसाच बौदींना बंगालीत सांगितलात तेव्हा त्या हसल्या, आणि मग त्या हसल्या म्हणून तुम्ही हसलात.

इथे कविता म्हणणं ही एक वेगळीच कला आहे, हे मला तुम्ही शिकवलंत. आपल्याकडे कवी स्वतःची कविता स्वतः वाचतो, कागद समोर धरून. इथे दुसऱ्याची कविता पाठ करून रंगमंचावर उभं राहून म्हणणारे लोक असतात, त्यांचे गुरू असतात, शिष्य असतात, लोक मुद्दाम जाऊन ऐकतात. तुम्ही नोकरी सांभाळून वीस वर्षं एका गुरूंकडे ते शिकलात. बंगाली कविता शेकड्यांनी पाठ. आणि मनात एक रुखरुख, की आईच्या भाषेतलं आपल्याला काहीच म्हणता येत नाही. ती रुखरुख घेऊन तुम्ही त्या गणपतीत आला होतात. मी आपली समोर सापडले.

मग सुरू झाले आपले रविवार. सियालदह स्टेशनच्या मागची तुमची भाजीबाजाराची गल्ली, जिन्यात फ्लॉवरच्या टोपल्या ठेवलेल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर तुम्ही ती निळी वही उघडून तयार. “कागद नको दाखवू. म्हण,” म्हणायचात. मी एक एक ओळ म्हणायची आणि तुम्ही ती बंगाली अक्षरांत उतरवून घ्यायची. आपला ‘ळ’ त्या लिपीत नाही, म्हणून तुम्ही ‘ल’ लिहून खाली लाल टिंब द्यायचात. श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ, थांबायचं तिथे दोन. माझ्या कविता तिथे अशा काही दिसायच्या की मलाच ओळखू येऊ नयेत. मला बंगाली वाचता येत नव्हतं, आणि शिकायचा कंटाळा. बसचे नंबर कळले की झालं, असा माझा हिशेब. तुम्ही म्हणायचात, “इतकी वर्षं राहतेस, स्वतःच्या कविता तरी वाचायला शीक.”

कागदावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, कविता कागदावर असते, तिथे ती शांत असते, वाचणारा आपल्या चालीने वाचतो. तुम्ही म्हणायचात, कागदावर ती झोपलेली असते. मी म्हणायची, झोपू द्या ना मग, उठवता कशाला? एकदा मी मंडळात वाचून आले तर म्हणालात, “तू कविता वाचत नाहीस, हजेरी घेतेस.” मला असा राग आला! मी म्हटलं, “आणि तुम्ही तिला नटवून-थटवून हळदीकुंकवाला नेता.” बौदी आतून ओरडल्या, चहा गार होतोय, नंतर भांडा. तेवढा वेळ आपण चहा ‘खाल्ला’ आणि परत सुरू.

पण एक गोष्ट मी तुम्हाला कधी कबूल केली नाही. आता करते. तुम्ही पाठ करताना एखाद्या शब्दाशी अडखळायचात. दोनदा, तीनदा, नेमक्या त्याच शब्दाशी. “हा राहत नाही गं डोक्यात,” म्हणायचात, आणि स्वतःच्या वयाला शिव्या घालायचात. मी घरी येऊन बघायची तर तोच शब्द खोटा असायचा. नुसता शोभेला आणलेला, उसना, कुठेतरी वाचून आवडलेला. मी गुपचूप तो बदलायची आणि पुढच्या रविवारी नवीन शब्द सांगायची, जणू आधीपासून तोच होता. तुम्ही एका दमात म्हणून जायचात आणि खूश व्हायचात, की पाठांतर सुधारलं. तुमच्या विसरण्यावर मी अशा कितीतरी कविता दुरुस्त करून घेतल्या. ज्यांना तुम्ही माझ्या चांगल्या कविता म्हणायचात, त्यांत तुमचा एवढा हात आहे मधुदा, आणि मी चकार शब्द काढला नाही.

आता खोक्याची कविता.

ती तुमची सगळ्यात आवडती. बदल्यांवरची. तिचा शेवट असा होता:

दर बदलीला सगळी खोकी सुटतात,
एक तेवढं तसंच राहतं.
आत काय आहे विचारू नका,
मीही विचारत नाही.

आणि त्याच्यापुढे दोन ओळी:

त्यात माझं पहिलं घर आहे,
अजून दार न लावलेलं.

या दोन ओळी आधी आल्या, बाकीची कविता नंतर. माझे वडील गेले तेव्हा भावाने सांगलीचं घर रिकामं केलं. भाड्याचंच होतं, पण मी जन्मापासून तिथली. मला म्हणाला, एकदा येऊन बघून जा. आमची इकडे यायची बांधाबांध चालू होती, मुलगी तापाने फणफणलेली, मी नाही गेले. त्या घराचं दार शेवटचं कोणी ओढून घेतलं, मला माहीत नाही. वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळताना या दोन ओळी मनात आल्या आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कवितेत आलंय, आता तोंडाने काय सांगायचं, असं वाटायचं.

आठ वर्षांपूर्वीचा, दिवाळीनंतरचा मंडळाचा तो मेळावा. हॉल भरलेला, तुमचे बंगाली मित्रसुद्धा आलेले. तुम्ही खोक्याची कविता म्हणालात. कशी म्हणालात! मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही कोणा दुसऱ्याच बाईची कविता आहे आणि त्या बाईचं कसं होईल आता. ‘मीही विचारत नाही,’ म्हणालात आणि थांबलात. डोळे मिटलेले, उजवा हात अर्धा वर आलेला. हॉलमध्ये कोणी हललं नाही. मी वाट बघत होते, आता घर येईल, आता दार येईल. किती वेळ गेला कोण जाणे. मग तुम्ही डोळे उघडलेत, हात जोडलेत आणि वळून आत गेलात. आणि अशा टाळ्या पडल्या की काही विचारू नका.

मी तशीच उठून आत आले, तावातावाने. तुमच्याभोवती माणसं. कोणी म्हणतंय, काय ती शांतता, कोणी पाया पडतंय. तुम्ही कोमट पाण्याचा पेला हातात धरून उभे. मी सगळ्यांसमोर विचारलं, “मधुदा, माझ्या दोन ओळी कुठे गेल्या?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “त्या लागतच नाहीत गं. ऐकणारा आपल्या मनाने म्हणतो.”

“माझ्या कवितेत काय लागतं ते तुम्ही ठरवणार?”

मी निघून आले. दोन वर्षं तुम्हाला नवीन कविता दिली नाही. रविवारी यायची, चहा प्यायची, बौदींशी गप्पा मारायची. तुम्ही विचारायचात, “नवीन काही?” मी म्हणायची, “कुठलं काय, पेपर तपासून जीव जातोय.” पर्समध्ये कविता असायची. केवढा हा हट्ट माझा! नंतर दिल्या म्हणा हळूहळू, पण खोक्याच्या कवितेचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही. आणि तुमची ती शांतता इकडे प्रसिद्ध झाली. तुमच्याकडे शिकायला येणारी मुलंमुली तसाच हात अर्धा वर नेऊन थांबायला लागली. मला बघवायचं नाही.

यंदा पुस्तक निघायचं ठरलं. पुण्याहून छपाईआधी तपासायची पानं आली. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून एकेक कविता मोठ्याने म्हणून बघत होते. बघा, कागदवाली बाई मोठ्याने म्हणायला लागली होती, तुमच्या नादाने. खोक्याची कविता आली. ‘मीही विचारत नाही,’ म्हटलं आणि माझं तोंड आपोआप मिटलं. परत म्हटलं, परत तेच. चौथ्यांदा मी खुर्ची ओढून बसले. म्हातारा बरोबर होता! पुढच्या दोन ओळी म्हणजे मी खोकं उघडून दाखवत होते, विचारू नका असं सांगून झाल्यावर. लाल पेन घेतलं आणि दोन्ही ओळींवर काट मारली. माझ्या बाबांच्या घरावर काट मारली मधुदा. पण कविता एकदम उभी राहिली.

म्हटलं, पुस्तक आलं की तुमच्या हातात द्यायचं, ते पान उघडून द्यायचं आणि तुमचा चेहरा बघायचा. हरलेल्या माणसाला एवढी तरी मजा हवीच ना. पुस्तकं आली तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. मी एक पुस्तक पर्समध्ये घेऊन आले. तुमच्याजवळ चष्मा नव्हता, घरी राहिला होता. बौदी वाचून दाखवणार कशा, आणि मी वाचून दाखवलं तर हजेरी! म्हटलं, घरी आलात की देऊ, नीट चष्मा-बिष्मा लावून. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “ती खोक्याची कविता मला एकदा पूर्ण म्हणायची आहे. तुझ्यासमोर.” मला वाटलं, हे मला बरं वाटावं म्हणून माघार घेताहेत. मी म्हटलं, “आधी बरे व्हा, मग काय ते म्हणा.” तुम्ही अजून काहीतरी बोलणार होतात. नर्स आली, भेटायची पंधरा मिनिटं संपली म्हणाली. मी पुस्तक पर्समध्ये तसंच घेऊन परत आले.

त्या पंधरा मिनिटांचा मला त्रास होतो. बाकी कशाचा नाही.

परवा बौदींनी ती निळी वही माझ्या हातात दिली आणि बंगालीत सांगितलं. बोललेलं मला कळतं, हे त्यांना माहीत आहे. त्या दिवशी रंगमंचावरून आत आलात तेव्हा तुमचे हात थंडगार पडले होते. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर विसरला होतात. डोळे मिटून उभे होतात ते ओळी शोधत. मला सांगायला म्हणून निघाला होतात, तेवढ्यात माणसं येऊन पाया पडायला लागली आणि पाठोपाठ मी तलवार उपसून हजर. सगळ्यांसमोर विचारलं ना मी! मग तुम्हाला जे सुचलं ते बोलून बसलात. “आणि एकदा बोलल्यावर मागे कसं घेणार,” बौदी म्हणाल्या, “फार लाजले होते गं. बाकी सगळी कविता पाठ, त्या दोन ओळीच राहत नव्हत्या त्यांच्या डोक्यात.”

राहणार कशा? जिथे माझं चुकायचं तिथेच तुमचं अडायचं, आणि हे माहीत असलेली जगात एकटी मीच. तरी त्या दिवशी मला कळलं नाही.

वही घरी आणली. माझी ईरा शाळेत बंगाली शिकलेली, तिला म्हटलं वाच. या मुलीने आईची एक कविता कधी वाचली नव्हती. मराठी पुस्तक दिसलं की तिला जांभई येते. बंगाली अक्षरांतून ती माझी मराठी वाचायला लागली, रेघ आली की थांबत, दोन रेघा आल्या की जास्त थांबत. जरा वेळाने वर बघून म्हणाली, “आई, हे तू लिहिलंयस?” मी म्हटलं, हो. “मग मला आधी का नाही दाखवलंस?” मी पुढचं पान उलटून दिलं. तिने रडत-हसत अजून चार वाचल्या. हे तुमचं देणं, मधुदा. लाल टिंबांसकट.

वहीच्या शेवटी पानंच्या पानं एकच मजकूर होता. ईरा म्हणाली, “हे काय, परत परत तेच लिहिलंय.” त्याच दोन ओळी. शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तशा, एकाखाली एक, कुठे पेन, कुठे पेन्सिल, अक्षर नंतर नंतर थरथरत गेलेलं. बौदी म्हणतात, रोज सकाळी गच्चीवर बाकी सगळं म्हणून झालं की शेवटी तुम्ही त्या दोन ओळी म्हणायचात, खालच्या भाजीवाल्यांच्या वर आवाज चढवून. आठ वर्षं. त्या ओळी नकोत हे मला पटायला आठ वर्षं लागली, आणि तेवढीच वर्षं तुम्ही त्या घोकत होतात, माझ्यासाठी.

काल तुमची स्मरणसभा झाली. टेबलावर तुमचा फोटो, रजनीगंधाचा हार, समोर आपली मंडळी आणि तुमचे शिष्य. मला खोक्याची कविता म्हणायला सांगितलं. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि पर्स खुर्चीवर. मोकळ्या हातांनी उभी राहिले. डोळे वर होते. हवं तर बौदींना विचारा. ठरवून गेले होते की पूर्ण म्हणायची. पुस्तकात तुम्ही म्हणालात तशी आहे, तर इथे तुम्हाला म्हणायची होती तशी होऊ दे.

‘मीही विचारत नाही,’ म्हटलं आणि थांबले. एक शब्द फुटेना. ओळी माझ्या, घर माझ्या बाबांचं, आणि मला काही म्हणता येईना. मी तशीच उभी. तुमच्या शिष्यांना वाटलं, मी तुमची शांतता करून दाखवतेय; एकीने तर डोळे मिटून घेतले. तुम्ही त्या दिवशी काय भोगलंत ते मला तेव्हा कळलं.

आणि पहिल्या रांगेतून बौदींचा आवाज आला. बारीक, बंगाली वळणाचा, जराही न अडखळता. ज्या बाईला मराठीत धड ‘या, बसा’ म्हणता येत नाही, ती म्हणाली:

“त्यात माझं पहिलं घर आहे...”

मी त्यांच्यामागून म्हटलं, “अजून दार न लावलेलं.”

सभा झाल्यावर त्यांच्याबरोबर घरी गेले. पुस्तक तुमच्या टेबलावर ठेवून आले आहे. खोक्याची कविता छापली आहे तिथे, खाली मोकळी जागा आहे, त्या जागेत मी दोन ओळी हाताने लिहिल्यात. तुमच्या वहीतून बघून बघून, तुमच्या अक्षरांत. पहिल्यांदाच लिहिलंय बंगाली, वेडंवाकडं आहे. चष्मा शेजारीच ठेवलाय. कुठे अडखळलात तर सांगा.